डावीकडून येणारा ट्रक

सोमवार, ३ जून

आज आमची पहिली फेरी झाली. हेरेनुई म्हणाली, "मावशी, धंद्याचं पहिलं वर्ष पुन्हा येत नाही. रोज लिहीत जा." रोज काही माझ्याच्याने व्हायचं नाही. आजचं मात्र लिहिते.

हेरेनुई माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ताहितीला हॉटेलात नोकरी करून कंटाळली आणि इकडे आमच्या मोओरेआ बेटावर परत आली ती ही कल्पना घेऊनच, की पाहुण्यांना बगीतून डोंगर दाखवायचा. पाच बग्या घेतल्या. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दारं नाहीत, काचा नाहीत, चाकं मात्र ट्रॅक्टरला शोभतील अशी. पुढच्या बगीत वाटाडी म्हणून मी, मधल्या तीन पाहुण्यांनी स्वतः चालवायच्या, शेवटी हेरेनुई. माझ्या नवऱ्याने, राहितीने, अननसाच्या वावरालगतची जागा साफ करून पत्र्याची शेड घातली. "तितावा, चौपन्नाव्या वर्षी तुला हे सुचलं," असं दिवसातून एकदा म्हणतो आणि रोज संध्याकाळी बग्या स्वतःच धुतो.

इतकी वर्षं शाळेची बस चालवली, कुणी कधी वा म्हटलं नाही. आज लियाँच्या एक बाई म्हणाल्या, "तुमच्या मागे गाडी चालवताना भीती म्हणून वाटत नाही." मी निघताना सगळ्यांना सांगितलं, की माझ्या चाकाच्या खुणेवर चाक ठेवा, मी जिथून जाईन तिथूनच या. बदकाच्या पिल्लांसारखे आले बिचारे. ओपुनोहूच्या दरीतून वर, नदीच्या पाण्यातून, मग अननसाच्या वावरांतून थेट माथ्यावर. तिथून दोन्ही खाड्या दिसतात आणि मध्ये रोतुई डोंगर. जुन्या कथेतल्या पाई वीराने भाला फेकून पलीकडच्या डोंगराला भोक पाडलं ती गोष्ट सांगितली. गोष्ट मला शाळेपासून पाठ आहे, पण आज सांगताना ती नवीच वाटली.

गुरुवार, ६ जून

सकाळी शेडमध्ये एकदम डोकं धरलं. आतून कुणी दगड घालावा तसं. उलटी झाली. तशीच जमिनीवर बसून राहिले. राहिती म्हणाला डॉक्टरकडे चल. म्हटलं, काल नारळाच्या दुधातला मासा उरला होता तो खाल्ला, त्याचं आहे. दुपारी उठले तेव्हा बरं होतं, फक्त थकवा होता. उद्या आठ पाहुणे आहेत.

शनिवार, ८ जून

शेडच्या खांबाला लागून माझ्या बगीवरचा आरसा फुटला. डावा. राहितीला विचारलं, "खांब सरकवलास का?" तो म्हणाला, "खांब सरकवतात का? सिमेंटात आहे तो." मग उजेड तिरका असेल.

मंगळवार, ११ जून

आज काय झालं ते मला अजून कळत नाही.

मोठ्या आंब्याच्या तिठ्यावर डावीकडे वळलं की माथ्याचा रस्ता. ह्या तिठ्यावरून मी बस नेली, त्याआधी बापाच्या खांद्यावर बसून गेले. आज मी तिथून नीट निघाले आणि बऱ्याच वेळाने पाहते तर आम्ही वावरांच्या टोकाशी, जिथे रस्ताच संपतो. मागे चारही बग्या, धूळ आणि पाहुणे खूश. मला तिठा लागलाच नाही. आंबा दिसला होता, हे नक्की आठवतं. पण त्याच्या पलीकडे वळण होतं असं काही वाटलंच नाही.

मी तोंडावर हसू आणलं आणि म्हटलं, "ही तुमच्यासाठी खास वाट. इथले अननस सगळ्यांत गोड." एक अननस तोडून सगळ्यांना फोडी दिल्या. वॉकी-टॉकीवर हेरेनुई ओरडत होती, "मावशी, कुठे निघालीस?" मी बंद करून टाकला.

परतल्यावर तिने विचारलं, "खरंच मुद्दाम गेलीस?" मी हो म्हटलं. तिच्याशी खोटं बोलल्याचं वाईट वाटतंय. पण खरं काय आहे ते तरी मला कुठे ठाऊक आहे?

शुक्रवार, १४ जून

राहितीने रात्री नीरफणस भाजला होता. जेवून उठले तर म्हणतो, "मासा आवडला नाही?"

"वाढलास कुठे?"

त्याने माझ्यासमोरचं ताट नुसतं फिरवलं. मासा तिथेच, अख्खा, भाजीही. मी म्हटलं, "आता ठेवलास, लबाडा." त्याची नेहमीची सवय, थट्टा केली की आधी स्वतःच हसतो. आज हसला नाही. ताट तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

रविवार, १६ जून

देवळात शोभा झाली. उपासना सुटल्यावर तेतुआ, आमच्या गायनवर्गातली सगळ्यांत वयस्क बाई, सगळ्यांदेखत माझ्या कानाला हात लावून म्हणाली, "काय गं तितावा, राहिती जुना झाला वाटतं? नवा शोधतेस?" बायका फिदीफिदी हसल्या.

अनंताचं फूल मी उजव्या कानावर खोवलं होतं. लग्न झालेल्या बाईने डाव्या कानावर खोवायचं, हे इथल्या शेंबड्या पोरीलाही कळतं. मी तीस वर्षं डाव्याच कानावर खोवते. सकाळी आरशात बघून खोवलं, अगदी शोभत होतं. एक बाजू चुकली असं मनात आलंच नाही.

घरी आल्यावर राहितीने सदरा खुंटीला टांगला. ओट्यावर बसल्यावर म्हणाला, "माझ्यावर रागावलीस का? सरळ सांग. हल्ली मी शेजारी बसलो तरी तू माझ्याकडे बघत नाहीस."

"बघते की."

"नाही बघत. मी बोलतो आणि तू समोरच्या झाडाला उत्तर देतेस."

मला हसू आलं, मग त्याचा चेहरा बघून रडू आलं. मी काय केलं हेच कळत नाही. रागावले असते तर निदान कारण तरी ठाऊक असतं.

मंगळवार, १८ जून

हेरेनुई म्हणते, "मावशी, काही दिवस मी पुढे राहते, तू मागे ये."

"का?"

"असंच. मलाही सवय हवी ना."

दुपारी शेडमागे ती आणि राहिती हळू आवाजात बोलत होते. मी गेल्यावर दोघं गप्प. राहितीने उगाच पाना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. पंधरवडाच झाला धंदा सुरू होऊन आणि मला बाजूला करायचं ठरतंय? पाहुण्यांना तरणी पोरगी आवडते, तेही मला कळतं. पण राहितीनेसुद्धा?

मी सांगितलं, पुढे मीच राहणार.

डाव्या दंडावर काळेनिळे डाग आहेत. कशाने लागलं आठवत नाही.

गुरुवार, २० जून

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते, उद्या नीट आठवायला हवं.

माथ्यावरून उतरत होतो. खालच्या अरुंद वळणावर, जिथे दोन गाड्या जेमतेम मावतात, तिथे हॉर्न ऐकू आला. उजवीकडच्या कड्यातून आला. मी उजवीकडे बघितलं, तिथे नुसता कडा आणि नेचे. म्हणून पुढे गेले. तेवढ्यात काहीतरी खर्रकन घासलं आणि माझ्या अगदी कानाशी ट्रकचं धूड होतं. अननसाचा ट्रक. आभाळातून पडल्यासारखा. मी कशीबशी निघून गेले. माझ्या मागच्या बगीत लुसिएँ आणि ओदेत होते, नुमेआहून आलेलं जोडपं, दोघंही माझ्याच वयाचे. लुसिएँने माझ्या चाकाच्या खुणेवर चाक ठेवलं होतं. समोर ट्रक बघून त्याने बगी वळवली ती चरात. कॉलरबोन मोडला. ओदेतला खरचटलं. चर खोल असता तर काय झालं असतं, हे डोक्यातून जात नाही.

ट्रक तेईवाचा होता. राहितीच्या थोरल्या भावाचा मुलगा, घरचाच. खाली उतरून तो माझ्यावर असा ओरडला की मला तो ओळखू येईना.

"काकी, मी थांबलो होतो! तुला बघून मघाच थांबलो. इंजिन बंद केलं, हॉर्न देत बसलो. तू सरळ माझ्या अंगावर आलीस!"

"खोटं बोलू नकोस. भरधाव आलास तू."

"तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस!"

"तू तिथे नव्हतासच!"

पोलीस आले. माझा जबाब घेतला. ट्रक वेगाने आला, आधी दिसला नाही, असं मी सांगितलं. तेच झालं. ओदेत म्हणाली, धुळीत त्या दोघांना ट्रक अगदी पुढ्यात आल्यावरच दिसला. हेरेनुई सगळ्यांत मागे होती, वळणापलीकडे. तिलाही पोलिसांनी विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला माहीत नाही." हे तिने असं का म्हणावं?

शुक्रवार, २१ जून

तेईवाला ट्रकवरून उतरवलं. चौकशी होईपर्यंत शेतात पेट्या भरायला लावलंय. त्याची बाळंतीण बायको घरी. राहितीचा भाऊ सकाळी कुंपणापर्यंत आला, आत आला नाही. राहितीला एवढंच म्हणाला, "तुझ्या बायकोला सांग, माझा मुलगा खोटारडा नाही."

संध्याकाळी राहितीने बगीची किल्ली माझ्या हातातून घेतली. हिसकावली नाही, घेतली. मी म्हटलं, "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय." हेरेनुई रडायला लागली. "मावशी, तू मला दिसतेस आणि मी तुला दिसत नाही, असं होतं गं. मी कसं सांगू?" हा कसला बोलण्याचा प्रकार? मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी खोटं बोललेले नाही. तेईवाही लहानपणापासून खोटं बोलणारा नाही. मग ट्रक आला कुठून?

रविवार, २३ जून

देवळात गेले नाही. सगळे गेल्यावर चालत त्या वळणावर गेले. मला बघायचं होतं, तिथे ट्रक लपेल अशी जागा आहे का. झाडी असेल, एखादी शेताची वाट येत असेल. मी वळणाच्या मधोमध उभी राहिले, माथ्याकडे पाठ करून, जशी त्या दिवशी येत होते तशी. उजवीकडे कडा. समोर उतार. लपायला जागा कुठेच नव्हती. मग तर मला काहीच सुचेना.

इतक्यात राहितीचा आवाज आला. "तिता."

मी बघितलं. कुणी नाही. हाक परत आली, अगदी जवळून. मी उजवीकडे वळले, कड्याकडे. तिथे नाही. आणखी वळले, मागे चढाचा रस्ता, रिकामा. त्याचा श्वास ऐकू येत होता. आणखी वळले, गरगरा फिरल्यासारखी, आणि सगळं फिरून झाल्यावर तो मला सापडला. हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर उभा होता. देवळाच्या पांढऱ्या सदऱ्यात.

"केव्हा आलास?"

"तुझ्याबरोबरच चालतोय," तो म्हणाला. "घरापासून. तुझ्या शेजारून. डावीकडून."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्याला इतक्या वर्षांत दोनदा रडताना पाहिलंय. मी म्हटलं, "चेष्टा करतोस." पण तो चेष्टा करत नव्हता, आणि मला हे कळत होतं.  मी रस्त्यातच बसले. तो माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला.

मंगळवार, २५ जून

सकाळच्या बोटीने ताहितीला. मोठं इस्पितळ. यंत्रात घातलं, घडघड आवाज. डॉक्टरीण बाई तरुण, मऊ बोलणारी. तिने टेबलावर एक काठी आडवी ठेवली आणि म्हणाली, "बरोबर मध्यावर बोट ठेवा." मी ठेवलं. राहितीने तोंड फिरवलं. नंतर म्हणाला, बोट जवळजवळ उजव्या टोकाला होतं.

डोळे ठीक आहेत म्हणे. डोक्यात उजव्या बाजूला एका बारीक रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली होती. ज्या दिवशी मी मासा बाधला म्हणाले, त्याच दिवशी. डोळ्याला डावीकडचं दिसतं, पण मेंदू ते धरत नाही. आवाजाचंही तसंच. डावीकडचा आवाज मला उजवीकडून आल्यासारखा वाटू शकतो. थोडं सुधारेल. किती, ते सांगता येत नाही. गाडी बंद.

मी तिला म्हटलं, "पण काही दिसत नाहीये असं मला वाटतच नाही. अंधार नाही, भोक नाही. सगळं पूर्ण आहे."

ती म्हणाली, "तेच तर. म्हणूनच तुम्हाला कळलं नाही."

मला हे समजलं का? शब्द समजले. बोटीवर राहितीने मला हळूच वळवून बसवलं आणि समुद्राचा एक अख्खा तुकडा पुन्हा हजर झाला, त्यावर आमचं बेटसुद्धा. तो इतका वेळ कुठे होता? राहिती म्हणतो तिथेच होता. माझ्या लेखी तो तेव्हाच तयार झाला. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा मांडायच्या, मला जमत नाही.

बुधवार, २६ जून

पहाटेपासून एकच विचार. डॉक्टरीण म्हणते ते खरं असेल, तर तेईवा थांबला होता.

'असेल तर' असं का लिहिलं मी? अजूनही मनात तो ट्रक उडीच मारून येतो. माझ्या आठवणीत तो थांबलेला नाहीच. मी शपथेवर सांगेन असं ते चित्र आहे. आणि तेच खोटं आहे.

शुक्रवार, २८ जून

आज घरात भांडण झालं. मी म्हटलं, पोलिसांकडे जाऊन जबाब बदलते.

हेरेनुई पांढरीफटक पडली. "मावशी, परवाना जाईल. आजारी माणूस पुढे होता असं झालं तर विमाही देणार नाहीत. लुसिएँचं सगळं आपल्यावर येईल. आईने तिची जागा गहाण ठेवलीय ह्यात."

राहिती म्हणाला, "तो आजार होता, तितावा. गुन्हा नव्हता तुझा."

"मग तेईवाचा तरी कुठे होता?"

"त्याला मी दुसरं काम बघून देतो."

"तुझ्या भावाला काय सांगशील? तुझा मुलगा खोटारडा आहे, पण काम बघून देतो?"

तो उठून बाहेर गेला. हेरेनुई बराच वेळ हाताची नखं खात बसली. मग म्हणाली, "मला संशय होता. त्या वावराच्या टोकाच्या दिवसापासून. मी काकांना सांगितलं, तुला नाही सांगितलं. तू चिडशील म्हणून. मी त्याच दिवशी बग्या बंद करायला हव्या होत्या. मी नाही केल्या, कारण पाहुणे येत होते."

मी तिचा हात शोधला. सापडला नाही. तिनेच माझा धरला.

सोमवार, १ जुलै

आधी लुसिएँकडे गेले. परवा त्यांचं विमान आहे. हात गळ्यात अडकवून अंगणात बसला होता. सगळं सांगितलं. ओदेत म्हणाली, "आम्हाला मरण आलं असतं." मी हो म्हटलं.  लुसिएँने गळ्यातली पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "तुम्ही इतक्या छान चालवत होतात. मी रस्ता बघतच नव्हतो, तुमची चाकं बघत होतो." तो माफ करतोय की दोष देतोय, मला कळलं नाही. मला वाटतं त्यालाही कळलं नसेल.

मग चौकी. राहिती स्वतःहून बरोबर आला. साहेब फ्रान्समधून नवीन आलेला, घामाघूम. त्याने माझा जुना जबाब समोर ठेवला.

"तुम्ही म्हणाला होतात ट्रक भरधाव आला. आता म्हणता थांबलेला होता. मग तुम्ही तो थांबलेला पाहिलात?"

"नाही."

"म्हणजे येताना पाहिलात?"

"नाही. तेव्हाही पाहिला नव्हता, आत्ताही पाहिलेला नाही."

"मग थांबलेला होता हे कशावरून?"

"तेईवा म्हणतो म्हणून."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, त्या दिवशीही तो हेच म्हणत होता."

"त्या दिवशी माझा माझ्यावर विश्वास होता," मी म्हटलं. "आता नाही. आता त्याच्यावर आहे. लिहून घ्या."

त्याने कपाळ पुसलं, डॉक्टरणीचा कागद दोनदा वाचला आणि लिहायला लागला. सही कुठे करायची ते राहितीने माझं बोट धरून दाखवलं.

मंगळवार, ९ जुलै

परवाना थांबवला. गाव जुलैच्या उत्सवासाठी ढोलाच्या आणि नाचाच्या तालमीत आहे, आणि आमच्या शेडवर कुलूप. हेरेनुईची आई, माझी बहीण, माझ्याशी बोलत नाही. विम्याचे लोक फोनवर फोन करतात.

तेईवा परत ट्रकवर आहे. मी त्याच्या घरी गेले होते. त्याची बायको बाळाला घेऊन आत निघून गेली. तो दारात उभा राहिला.

"काकी, मला ट्रक गेल्याचा राग नव्हता," तो म्हणाला. "तू मला तिथे नव्हतासच म्हणालीस ना, त्याचा होता. दोन रात्री मलाच वाटत होतं, मी खरंच थांबलो होतो का?"

मला ठाऊक आहे ते कसं वाटतं.  "चुकले रे," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "बरं." आत ये म्हणाला नाही.

मंगळवार, २३ जुलै

घरात सराव. दरवाज्यातून जाण्याआधी डावा हात पुढे करून चौकट शोधायची. ताट फिरवायचं. मान वळवायची, अजून वळवायची, संपली असं वाटल्यावरही वळवायची. डॉक्टरीण म्हणते हे आयुष्यभर करावं लागेल. कधी कधी वळवलेल्या मानेला काहीतरी मिळतं. खुर्ची, कोंबडी, नवरा. कधी कंटाळा येतो आणि मी उरलेल्या अर्ध्यातच दिवस काढते. तोही पूर्णच वाटतो, हीच पंचाईत.

सोमवार, १२ ऑगस्ट

परवाना हेरेनुईच्या नावावर मिळाला. अटी बऱ्याच आहेत, त्यातली पहिली मीच. मी कुठलीही गाडी चालवायची नाही. विम्याचं भांडण चालूच आहे. बहिणीने तिच्या गहाणाचा हप्ता पुढे ढकलून घेतलाय. काल ती नीरफणसाच्या फोडी घेऊन आली, ओट्यावर ठेवून गेली. बसली नाही, पण आली.

हेरेनुई म्हणते, "तू माझ्या शेजारी बस. मला गोष्टी सांगता येत नाहीत. पाईचा भाला म्हटलं की मला हसू येतं."

मी नाही म्हटलं. मग रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हटलं. मला भीती कशाची वाटते ते नक्की सांगता येत नाही. रस्त्याची नाही. बहुतेक, तो रस्ता मला आता अर्धाच भेटेल आणि मला तो पूर्ण वाटेल, ह्याची.

मंगळवार, २० ऑगस्ट

आज गेलो. मी पहिल्यांदाच पाहुण्यांसारखी चालवणाऱ्याच्या उजवीकडे बसले. हेरेनुई कुठे आहे ते तिच्या आवाजावरून धरायचं. ती पूर्ण वेळ बोलत राहिली, माझ्यासाठी, हे मला कळत होतं. "आता पाणी, मावशी. आता चढ. आता डावीकडे बांबू, खूप उंच झालेत." पाहुणे चार, त्यातल्या एक आजीबाई सारख्या हसत होत्या. माथ्यावर मी गोष्ट सांगितली. वॉकी-टॉकीवर शेवटच्या बगीतून राहिती म्हणाला, "भाला उलट्या बाजूने फेकलास आज." सगळे हसले. मीही. खरंच उलट्या बाजूने हात केला होता का, देव जाणे.

उतरताना त्या वळणाच्या अलीकडे हेरेनुईने बगी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागच्याही थांबल्या. शांत झालं. मग चढणाऱ्या जड गाडीचा आवाज आला, गिअर बदलल्याचा.

"तेईवा आहे," ती म्हणाली.

हॉर्न वाजला. मला तो उजवीकडूनच ऐकू आला, कड्यातून, स्पष्ट, त्या दिवशीसारखाच. माझी मान तिकडे वळायला निघाली होती. मी ती धरून ठेवली. आणि हात उलट बाजूला वर केला, जिथे माझ्या लेखी काहीच नव्हतं, आणि हलवला.

अननसाचा वास आला. हॉर्न पुन्हा वाजला, वारा अंगावरून गेला. मी हात हलवतच राहिले.

"त्याने हात केला का गं?" मी विचारलं.

 "हॉर्न दिला," ती म्हणाली. "दोनदा. दुसऱ्यांदा द्यायची काही गरज नव्हती."

मी तरी हात वरच ठेवला.

"मावशी, घे आता खाली," ती म्हणाली आणि चावी फिरवली. "कधीच गेला तो."